पार्श्वभूमी : केकताडाची प्लेट आणि ‘30 टक्के’चा घोळ

बेळगाव, चिकोडी, अथणीकडच्या बांधांवरचे केकताड, म्हणजे घायपात, पूर्वी कासरे-दावी वळायला सोलले जाई. नायलॉनने ते काम संपवले. आता तोच धागा इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत इपॉक्सीत, म्हणजे घट्ट होणाऱ्या एका रेझिनमध्ये, बसवून त्याची प्लेट केली जाते आणि ताकद मोजायला ती ताणली जाते. कल्पना जुनीच. पूर्व जर्मनीत 1957 पासून निघालेल्या ट्राबांट मोटारीची बॉडी टाकाऊ कापूस आणि फिनॉल रेझिनची होती. पुढे काचधाग्याचा जम बसला. 1990 नंतर युरोपातल्या गाड्यांच्या दारांच्या आतल्या पॅनेलांत जवस आणि भांगेचे धागे परतले, तशी आपल्याकडच्या प्रयोगशाळांनाही चालना मिळाली.

मात्र काचेच्या सवयी सुटल्या नाहीत. सगळ्यात नडणारी सवय म्हणजे धागा वजनी टक्क्यांत सांगणे. काचेची घनता घन सेंमीला 2.55 ग्रॅम, केकताडाची साधारण 1.45, इपॉक्सीची 1.15. वजनाने 30 टक्के काच आकारमानाने 16 टक्केच भरते, केकताड 25. ताकदीचा हिशेब आकारमानावर चालतो, तरी दोन्ही प्लेटा ‘30 टक्के’ म्हणून एकाच तक्त्यात शेजारी छापल्या जातात. ही तुलना नव्हेच.

शिवाय काच ओल धरत नाही. केकताड 10 टक्क्यांच्या आसपास धरते. खानापूरच्या पावसाळ्यात तोललेल्या 100 ग्रॅम धाग्यात कोरडा माल 90 ग्रॅमच असू शकतो. उरलेले पाणी रेझिनची पकड बिघडवते. नंतर पडताळायचीही सोय नाही. काचेचा तुकडा भट्टीत 565 अंशांवर जाळला की रेझिन जाते, काच उरते. इथे दोन्ही जळतात. म्हणून वहीतली नोंद हाच एकमेव पुरावा, आणि ती बहुधा धागा कॉस्टिक सोड्यात धुण्याच्या आधीची असते! 5 टक्के कॉस्टिकच्या द्रावणात धाग्यातले मेण आणि हेमिसेल्युलोज निघून वजन घटते, हे त्या नोंदीत येतच नाही.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मिलिंग करून घेतलेल्या 300×300×3 मिमी साच्यात 270 घन सेंमी माल बसतो. वजनी 30 टक्क्यांसाठी धागा 99 ग्रॅम, इपॉक्सी 211, ती घट्ट करणारे हार्डनर 21. धागा कॉस्टिकनंतर सामू (पीएच) 7 येईपर्यंत धुवावा, 80 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवावा, मगच तोलावा. दाबताना कडेने सांडणाऱ्या रेझिनसाठी मिश्रण थोडे जास्त घ्यावे. कडा घासून साफ केलेली प्लेट 331 ग्रॅम भरायला हवी. जाडी बरोबर 3 मिमी असूनही 315 भरली, तर आत सुमारे 5 टक्के पोकळ्या आहेत. तिचे तुकडे ताणचाचणीला लावू नयेत.