कूटशासन

राजाच्या नावाने तयार केलेले खोटे दानपत्र. प्राचीन भारतात गाव किंवा जमीन दान दिल्याची राजाज्ञा, म्हणजे 'शासन', तांब्याच्या पत्र्यावर कोरून देत. दान बहुधा करमुक्त आणि वंशपरंपरेचे असे; तेव्हा एक खोटा पत्रा पिढ्यान्‌पिढ्या पोसू शके. मनुस्मृतीत (९.२३२) कूटशासन करणाऱ्याला देहदंड सांगितला आहे.

प्रत्यक्ष उदाहरण हर्षवर्धनाच्या मधुबन (उत्तर प्रदेश) ताम्रपटात सापडते. वामरथ्य नावाचा ब्राह्मण सोमकुण्डका हे गाव कूटशासनाच्या बळावर उपभोगत होता. हर्षाने ते शासन मोडून गाव दुसऱ्या दोघांना दिले. वामरथ्याला आणखी काय शिक्षा झाली, याबद्दल ताम्रपट गप्प आहे.

अस्सलपणाची कसोटी कोकणातल्याच एका ताम्रपटात आहे. शिलाहार रट्टराजाच्या खारेपाटण ताम्रपटानुसार (शके ९३०) मुद्रा म्हणजे राजाचा शिक्का, क्रिया म्हणजे रीतसर कारवाई, भुक्ती म्हणजे प्रत्यक्ष कब्जा, खुणा आणि राजाची सही हे सगळे शुद्ध असेल तरच शासन शुद्ध.

एकटी मुद्रा पुरत नाही, हे समुद्रगुप्ताच्या नावावरील गया ताम्रपटावरून दिसते. त्याची मुद्रा ब्रिटिश पुराभिलेखतज्ज्ञ फ्लीटने खरी मानली, मजकूर मात्र बनावट ठरवला. लिपी कितीतरी नंतरची आहे, पण खरी गंमत व्याकरणात आहे. समुद्रगुप्ताची विशेषणे षष्ठीत आणि त्याचे नाव प्रथमेत! वंशजांच्या ताम्रपटांत 'अमक्याचा पुत्र' अशी वंशावळ येते, तिथे षष्ठी शोभते. लेखकाने तिथली विशेषणे उचलली, विभक्ती बदलायला विसरला. काही अभ्यासक मात्र ही हरवलेल्या अस्सल शासनाची नंतरची नक्कल मानतात.

नकलेला कूट म्हणायचे का, हा प्रश्न आजच्या अभ्यासकांपुरता नाही. कामरूपच्या (प्राचीन आसाम) भूतिवर्मा राजाने दिलेले ताम्रपट पुढे जळाले. सातव्या शतकात त्याचा वंशज भास्करवर्मा याने ते पुन्हा लिहून दिले. सिल्हेट (आता बांगलादेश) भागात मिळालेल्या या निधानपूर ताम्रपटांत तसा खुलासाच कोरला आहे: जुनी शासने जळाल्यावर ही नव्याने लिहिली, म्हणून अक्षरे निराळी दिसतात, आणि म्हणूनच ही कूट नव्हेत.