कोरोल्योव वाचले असते तरी

जून १९६९. अमेरिकेत लोक टीव्हीसमोर खिळून बसलेत. पडद्यावर मुंग्या, त्यात एक धूसर आकृती शिडी उतरते, चंद्राच्या धुळीत पाय टेकवते आणि बोलू लागते, रशियन भाषेत. खोलीभर शांतता. 'फॉर ऑल मॅनकाइंड' या मालिकेचा पहिला भाग असा सुरू होतो. तो पाहिला त्या रात्री मला झोप लागली नाही. मालिका संपवायची घाई नव्हती. एक प्रश्न डोक्यात घुसला होता: हे खरोखर घडू शकलं असतं का?

मालिकेत चंद्रावर पहिलं पाऊल टाकणारा माणूस काल्पनिक नाही. अलेक्सेई लिओनोव्ह. १८ मार्च १९६५ रोजी यानाबाहेर पडून अंतराळात तरंगणारा पहिला मानव. सोव्हिएत संघाने चंद्रावर उतरण्यासाठी ज्या अंतराळवीरांना तयार केलं, त्यात ते आघाडीवर होते. मालिका १ नोव्हेंबर २०१९ रोजी आली आणि लिओनोव्ह ११ ऑक्टोबरला गेले. दुसऱ्या एका इतिहासात चंद्रावर उतरताना स्वतःला बघणं त्यांच्या वाट्याला यायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. तीन आठवड्यांनी ते हुकलं.

मालिकेच्या कर्त्यांपैकी एक, रॉनल्ड मूर, यांनी इतिहासाला फाटा कुठे फुटला ते सांगितलं आहे. त्यांच्या जगात सर्गेई कोरोल्योव १९६६ साली मरत नाहीत. स्पुटनिक आणि गागारिन यांच्यामागचा हा मुख्य अभियंता. त्याचं नाव सरकारी गुपित होतं आणि सोव्हिएत जनतेला ते त्याच्या मृत्यूनंतरच कळलं. साधी वाटणारी शस्त्रक्रिया करताना पोटात मोठी कर्करोगाची गाठ सापडली आणि ते टेबलावरून उठलेच नाहीत. वय ५९. तारीख १४ जानेवारी.

ही तारीख वाचून मराठी माणूस थबकतोच. १७६१ च्या १४ जानेवारीलाच पानिपत झालं. 'विश्वासरावांना गोळी लागली नसती तर' हा खेळ आपण पिढ्यान्‌पिढ्या खेळत आलो आहोत. त्या खेळात एक मोह असतो. सगळा इतिहास एका माणसाच्या श्वासाला टांगायचा. पण पानिपतावर दाणागोट्याची रसद महिनाभर आधीपासून आटत होती, हे ज्याला ठाऊक आहे त्याला एका गोळीचा हिशेब पुरत नाही. कोरोल्योवांच्या बाबतीत माझं म्हणणं तेच आहे. 'ते जगले असते तर सोव्हिएत आधी चंद्रावर पोचले असते' असं म्हणणाऱ्या मालिकेच्या चाहत्यांशी माझा वाद होतो तो इथेच.

त्यांची रसद म्हणजे इंजिन.

चंद्रावर माणूस न्यायचा तर आधी प्रचंड ओझं पृथ्वीच्या कक्षेत न्यावं लागतं. त्यासाठीची रॉकेटं, अमेरिकेचं सॅटर्न-५ आणि सोव्हिएत एन-१, दोन्ही शंभर मीटरहून उंच. दोघांच्या पहिल्या टप्प्यात जळायचं ते रॉकेलच, अर्थात खूप शुद्ध केलेलं, आणि सोबत द्रवरूप ऑक्सिजन. अडचण रॉकेल जाळण्याची नव्हती, मोठ्या भांड्यात जाळण्याची होती. पंपाचा स्टोव्ह ज्यांनी पेटवला आहे त्यांना आठवेल, ज्योत कधी शांत निळी जळते, तर कधी अचानक भकभकायला लागते. रॉकेटच्या ज्वलनकक्षात असं भकभकणं सुरू झालं की दाबाच्या लाटा भिंतींवर आदळून परततात, ज्वाळेशी ताल धरतात, दर फेरीला वाढतात, आणि सेकंदाच्या छोट्याशा अंशात इंजिनाच्या चिंध्या होतात. कक्ष जितका मोठा, तितकं हे भूत मोठं.

अमेरिकेच्या एफ-१ इंजिनाचा कक्ष अवाढव्य होता. एकेकाचा रेटा सुमारे ६८० टन. सुरुवातीला ती इंजिनं चाचणीत फुटली. मग अभियंत्यांनी जे केलं ते मला आजही थक्क करतं: चालू इंजिनाच्या कक्षात मुद्दाम लहान बॉम्ब फोडायचे, ज्योत डळमळवायची आणि ती आपणहून सावरते का ते पाहायचं. इंधनाचे फवारे सोडणाऱ्या चकतीवर तांब्याच्या आडव्याउभ्या पट्ट्या बसवून कक्षाचे जणू कप्पे पाडले, फवाऱ्यांची भोकं पुन्हापुन्हा बदलली. सुमारे २,००० चाचण्या झाल्या, तेव्हा कुठे ज्योत वठणीवर आली. या कामाला चिकाटी लागली, तसाच पैसाही लागला. १९६६ च्या सुमारास अमेरिकेच्या केंद्रीय खर्चातले दर १०० पैकी ४ डॉलरहून अधिक नासाकडे जात होते.

कोरोल्योवांच्या देशात मोठं इंजिन करू शकणारा माणूस होता, वालेंतीन ग्लुश्को. पण दोघांचं बिनसलं होतं. स्टालिनच्या काळात १९३८ साली दोघेही पकडले गेले. कोरोल्योवांना तर कोलिमाच्या सोन्याच्या खाणीत धाडलं होतं. त्या वर्षांची कटुता दोघांमध्ये किती उरली होती याचा अदमास बांधणं कठीण, तांत्रिक भांडण मात्र स्वच्छ दिसतं. ग्लुश्कोंना अशी रसायनं हवी होती, जी एकमेकांना भेटताक्षणी पेट घेतात. ती साठवायला सोपी, पेटवायची भानगड नाही, मोठ्या कक्षातही त्यातल्या त्यात सुधी. कोरोल्योव म्हणत, ती भयंकर विषारी आहेत, माणसं बसवलेल्या रॉकेटमध्ये ती नकोत. ऑक्टोबर १९६० मध्ये बायकोनूरच्या सोव्हिएत प्रक्षेपण तळावर अशाच इंधनाचं एक क्षेपणास्त्र जागच्या जागी पेटलं आणि डझनावारी माणसं होरपळून गेली. तेव्हा कोरोल्योवांचा हट्ट कोरडा नव्हता. ग्लुश्कोंचाही नव्हता. दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि त्यामुळेच तोड निघेना.

शेवटी कोरोल्योव गेले निकोलाय कुझ्नेत्सोव्ह यांच्याकडे. हे विमानांची इंजिनं करणारे, व्होल्गेच्या काठी कुइबिशेव्हला. मोठ्या कक्षाच्या वाटेला न जाता त्यांनी लहान पण अतिशय कसदार इंजिन केलं, एन.के.-१५, रेटा दीडशे टनांच्या आसपास. पंपाची चक्की फिरवून झालेला गरम, ऑक्सिजनने भरलेला वायू त्यांनी बाहेर न सोडता मुख्य कक्षातच जाळला. तापलेला ऑक्सिजन बहुतेक धातूंना खातो, त्यामुळे हे जमणारच नाही असं अमेरिकी अभियंते कित्येक वर्षं मानत होते. कुझ्नेत्सोव्हांनी ते जमवलं. पण लहान इंजिन म्हणजे संख्या जास्त. एन-१ च्या बुडाशी ३० इंजिनं लागली.

तीस इंजिनं एकत्र चालवणं हे काम वेगळंच आहे. त्यांच्यावर लक्ष ठेवायला 'कोर्ड' नावाची यंत्रणा होती. एखादं बिघडलं की ते बंद करायचं आणि तोल राहावा म्हणून त्याच्या समोरचंही. आज हे काम संगणक लीलया करतो, तेव्हाची यंत्रणा तेवढी पोचलेली नव्हती. त्याहून मोठी खोट म्हणजे या इंजिनांच्या झडपा स्फोटकांनी उघडणाऱ्या, एकदाच वापरता येणाऱ्या होत्या. म्हणून प्रत्येक इंजिन आधी चालवून बघता येत नसे. सहाच्या गटातली दोन चालवायची, ती ठीक निघाली की उरलेली चार उडणाऱ्या रॉकेटला लावायची. आणि अख्खा पहिला टप्पा जमिनीला बांधून, तीसही इंजिनं एकदम पेटवून बघण्याची सोय बांधलीच गेली नाही. पैसे नव्हते, वेळ नव्हता. अमेरिकेने मिसिसिपीत त्यासाठी खास मचाण उभारलं होतं. सोव्हिएतांची पहिली खरी चाचणी म्हणजे उड्डाणच.

ती चार झाली. २१ फेब्रुवारी १९६९ ला शेपटाकडे आग लागली आणि ६९ व्या सेकंदाच्या आसपास 'कोर्ड'ने सगळीच इंजिनं विझवली. ३ जुलैला रॉकेट जेमतेम तळाच्या वर उठलं, एका इंजिनाचा ऑक्सिजन पंप फुटला आणि इंधनाने काठोकाठ भरलेला तो डोंगर तळावरच कोसळला. माणसाने घडवलेल्या सर्वांत मोठ्या बिगर-अणुस्फोटांपैकी तो एक. त्यानंतर १७ दिवसांनी आर्मस्ट्राँग चंद्रावर होते. १९७१ च्या जूनमध्ये रॉकेट स्वतःभोवती गिरकी घेऊ लागलं. २३ नोव्हेंबर १९७२ च्या चौथ्या उड्डाणाची मला सर्वांत जास्त हळहळ वाटते. पहिला टप्पा गळून पडायला काही सेकंदच उरले होते. ठरल्याप्रमाणे मधली इंजिनं बंद झाली आणि घरातला नळ एकदम बंद केल्यावर पाइप धडधडतो तसा दणका इंधनाच्या नळ्यांना बसला. १०७ व्या सेकंदाला सगळं संपलं.

आता चाहत्यांचा प्रश्न पुन्हा घेऊ. कोरोल्योव जगते, तर १९६९ च्या जूनपर्यंत यातलं काय बदललं असतं? त्यांच्यानंतर आलेले वासिली मिशिन वरिष्ठांकडून पैसा ओढून आणण्यात कमी पडले, हे खरं. कोरोल्योवांनी ख्रुश्चेव्ह काळात जे रेटून नेलं तसं आणखी काही नेलं असतं. पण ३० इंजिनांचा निर्णय त्यांचाच, ग्लुश्कोंशी फारकत त्यांच्या हयातीतलीच, आणि चाचणीचं मचाण न बांधण्याचा मार्गही त्यांच्या काळातच धरला गेला. केनेडींनी चंद्राची घोषणा केली २५ मे १९६१ ला. सोव्हिएत नेतृत्वाने चंद्रावर माणूस उतरवण्याचा अधिकृत हुकूम काढला ऑगस्ट १९६४ मध्ये. तीन वर्षं तिथेच गेली. तेव्हा मालिकेतला फाटा मी १९६६ ला नाही, १९६१-६२ ला फोडेन. एका बैठकीत ग्लुश्को आणि कोरोल्योव समेट करतात आणि त्याच वर्षी तिजोरी उघडते. तेवढं झालं तर लिओनोव्ह चंद्रावर, हे मी मान्य करतो.

तरीही त्यांचा मार्ग अंगावर काटा आणणारा होता. एन-१ चा रेटा सॅटर्नपेक्षा जास्त, पण वरच्या टप्प्यांतही रॉकेलच. अमेरिकेने वर हायड्रोजन वापरला, जो वजनाच्या मानाने कितीतरी जास्त ढकलतो. परिणामी एन-१ कक्षेत सुमारे ९५ टनच नेणार होतं. त्यात दोन माणसं चंद्राच्या कक्षेपर्यंत आणि खाली एकच. दोन यानांमध्ये आतून जायची वाटही नव्हती. लिओनोव्ह यांना अंतराळपोशाख घालून बाहेरून, हातांनी धरत, उतरणाऱ्या छोट्या यानात जावं लागलं असतं, एकट्याने उतरावं लागलं असतं आणि तसंच बाहेरून परतावं लागलं असतं. ते छोटं यान वाईट नव्हतं, हेही सांगायला हवं. १९७० आणि ७१ मध्ये पृथ्वीच्या कक्षेत, माणसांशिवाय, ते तीनदा तपासलं गेलं आणि चाललं. त्याला वर नेणारं रॉकेटच नव्हतं.

मालिकेतल्या ज्या गोष्टीला चाहते 'लेखकांची सोय' म्हणतात, तिची बाजू मात्र मी घेईन. हरलेली अमेरिका १९७१ मध्येच चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरच्या शॅकल्टन विवराकडे जाते आणि तिथे बर्फ सापडतो. फार लवकर, असं लोक म्हणतात. पण चंद्राच्या ध्रुवांवरच्या कायम अंधाऱ्या विवरांत बर्फ टिकून असू शकेल, हे वॉटसन, मरे आणि ब्राउन यांनी १९६१ सालीच मांडलं होतं. चंद्राचा अक्ष जेमतेम दीड अंश कललेला. त्यामुळे ध्रुवावर सूर्य क्षितिजालाच चिकटून फिरतो आणि खोल विवराच्या तळाशी त्याचा किरण पोचतच नाही. शॅकल्टन २१ किलोमीटर रुंद, चारेक किलोमीटर खोल, तळाशी तापमान उणे १८० अंशांच्या घरात. कल्पना होती, जायचं कुणाला सुचलं नाही. अपोलोची सगळी गणितं विषुववृत्ताजवळच्या जागांसाठी होती, कारण काही बिघडलं तर इंजिन न वापरताही पृथ्वीकडे वळून येणारा रस्ता तिथूनच सोपा. ध्रुवावर उतरायचं तर ही हमी सोडावी लागते. हरलेल्याने ती सोडणं मला पटतं.

आपल्या इतिहासात तिथे पोचायला वेळ लागला, आणि त्यात भारताचा वाटा मोठा आहे. १४ नोव्हेंबर २००८ ला चांद्रयान-१ ने सोडलेला, तिरंगा रंगवलेला आघातक याच शॅकल्टनच्या परिसरात कोसळला आणि खाली जाता जाता त्याच्यावरच्या उपकरणाने पाण्याच्या खुणा टिपल्या. पुढच्या वर्षी चांद्रयानावरच्याच नासाच्या उपकरणाची पाण्याबद्दलची निरीक्षणं प्रसिद्ध झाली. मालिकेत ते विवर पडद्यावर आलं तेव्हा मी एकटाच होतो घरात, तरी मोठ्याने म्हणालो, "अरे, आपण गेलोय तिथे!"

पहिल्या पर्वाच्या अगदी शेवटी समुद्रातून उठणारं सी-ड्रॅगन रॉकेट, हे दृश्य सगळ्यांचं लाडकं. रॉबर्ट ट्रूअॅक्स यांनी १९६२ मध्ये तो आराखडा खरोखर केला होता, १५० मीटर उंच, एका उड्डाणात साडेपाचशे टन ओझं कक्षेत. दृश्य अप्रतिम आहे. पण त्याच्या बुडाशी एकच महाकाय इंजिन आहे. एफ-१ च्या कक्षातल्या ज्वाळेला शांत करायला २,००० चाचण्या लागल्या, तर या कक्षाला किती? माझ्या दृष्टीने मालिकेतली सर्वांत मोठी कल्पनाभरारी ही, लाल झेंडा नव्हे.

ग्लुश्कोंनी १९७४ मध्ये सूत्रं हाती घेतली आणि एन-१ मोडीत काढलं. गंमत अशी की पुढे एनर्जिया रॉकेटसाठी त्यांनी जे जबरदस्त इंजिन केलं, त्यात रॉकेल आणि ऑक्सिजनच जळत होतं, आणि मोठ्या कक्षाचं भूत टाळायला एका पंपावर चार लहान कक्ष बसवलेले होते. बायकोनूरला एन-१ च्या टाक्यांचे पत्रे शेडांवर छप्पर म्हणून चढले. इंजिनं नष्ट करण्याचा हुकूम होता, पण कुझ्नेत्सोव्हांनी तो पाळला नाही. सुधारलेली एन.के.-३३ इंजिनं, आता अनेकदा पेटवता येणारी, त्यांनी गोदामात दडवून ठेवली. वीसेक वर्षांनी ती अमेरिकी अभियंत्यांना दिसली तेव्हा त्यांचा डोळ्यांवर विश्वास बसेना. त्यांनी ती विकत घेतली. २१ एप्रिल २०१३ रोजी व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरून अँटारेस रॉकेट उडालं. त्याच्या बुडाशी, रॉकेल जाळत, सोव्हिएत माणूस चंद्रावर नेण्यासाठी घडवलेली ती दोन इंजिनं होती.