नक्षीदार अॅस्ट्रोलेब आणि खलाशांचा अॅस्ट्रोलेब

संग्रहालयात काचेआड ठेवलेला नक्षीदार पितळी अॅस्ट्रोलेब, म्हणजे सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायचं जुनं यंत्र, पाहिला की 'हे घेऊन खलाशी समुद्र पालथा घालायचे' असं कुणीतरी सांगतंच. गंमत अशी की ज्या यंत्रावर एवढं देखणं कोरीव काम असतं, ते भर समुद्रात जवळजवळ कुचकामी. खलाशांचा अॅस्ट्रोलेब वेगळा. वर टांगायची कडी आणि उंची मोजायची फिरती पट्टी एवढ्यावर दोघांचं साम्य संपतं.

आधी देखण्याकडे वळू. ही एक उथळ पितळी थाळी असते. तिच्या पोटात पातळ तबकड्या एकावर एक बसवलेल्या असतात आणि प्रत्येक तबकडी एका ठरावीक अक्षांशासाठी कोरलेली असते. सगळ्यांत वर जाळीदार चकती, तीच आकाशाचा नकाशा. तिच्यातली वेलबुट्टी जरा निरखून पाहा. एकेका पानाचं टोक एकेका ताऱ्याची जागा दाखवतं आणि त्याच्या बुडाशी ताऱ्याचं नाव कोरलेलं असतं. केंद्रापासून सरकलेलं जे कडं दिसतं ते क्रांतिवृत्त, म्हणजे सूर्याचा आकाशातला वर्षभराचा मार्ग. त्यावर बारा राशी. नक्षी कुठं संपते आणि माहिती कुठं सुरू होते हे सांगता येऊ नये, हेच या कारागिरीचं कसब. सतराव्या शतकात लाहोरच्या एका घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या असे अॅस्ट्रोलेब घडवले. ऑक्सफर्डच्या विज्ञान-इतिहास संग्रहालयात इराणचा शाह अब्बास दुसरा याच्यासाठी १६४७-४८ मध्ये बनवलेला एक आहे, पण तो या घराण्याचा नव्हे.

वापरायची रीत अशी. रात्री कडीत अंगठा घालून यंत्र लोंबतं धरायचं, मागच्या पट्टीतून ओळखीचा तारा नेमका साधायचा आणि त्याची क्षितिजापासूनची उंची अंशांत वाचायची. मग यंत्र उलटून, त्या ताऱ्याचं टोक तबकडीवरच्या तेवढ्याच उंचीच्या रेषेवर येईपर्यंत जाळी फिरवायची. की आत्ताचं आकाश हातात आलं! क्रांतिवृत्तावर सूर्याची त्या दिवसाची जागा धरली की किती वाजले, सूर्योदयाला किती अवकाश आहे, लग्न (पूर्व क्षितिजावर उगवत असलेली रास) कोणतं, हे सगळं आकडेमोडीशिवाय कळतं. ज्योतिषी आणि नमाजाच्या वेळा ठरवणारे याच्यावर जीव टाकत, त्यात नवल नाही.

आता हेच यंत्र डेकवर न्या. तबकडी ठरावीक अक्षांशाची, आणि जहाज तर रोज अक्षांश बदलतंय. अंग चपटं आणि भरीव, त्यामुळं वाऱ्यात भिंगरीसारखं फिरणार. शिवाय खलाशाला लग्न आणि राशी हव्यात कशाला? त्याला एकच गोष्ट हवी होती: सूर्य माथ्यावर आला तेव्हा किती उंच होता.

म्हणून खलाशांच्या अॅस्ट्रोलेबमधून बाकीचं सगळं गेलं. पुढं रूढ झालेला त्याचा घाट म्हणजे ओतीव, जाडजूड, चाकासारखं कडं. वारा आरपार जावा म्हणून मध्ये मोकळ्या जागा, लोंबताना स्थिर राहावं म्हणून तळाशी जास्त धातू. कडेला अंशांच्या खुणा आणि मध्ये फिरती पट्टी, बस्स. दुपारी सूर्याकडे डोळे लावायची गरज नसे. पट्टीवरच्या वरच्या छिद्रातून आलेला उजेड खालच्या छिद्रावर पडला की उंची मिळाली. समजा ती ६० अंश भरली, सूर्य दक्षिणेला आहे आणि कोष्टकात त्या दिवशीची सूर्याची क्रांती (आकाशातल्या विषुववृत्तापासूनचं त्याचं अंतर) उत्तर २० अंश दिली आहे. ९० वजा ६० म्हणजे ३०, त्यात २० मिळवा: जहाज ५० अंश उत्तर अक्षांशावर. मात्र एका अंशाची चूक म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, आणि डोलत्या डेकवर एक अंश चुकणं अगदी सहज होतं.

नकली वस्तू ओळखण्यापुरतं बोलायचं तर नक्षीदार यंत्र जास्त बोलकं. ताऱ्यांची जागा क्रांतिवृत्ताच्या मानानं दर ७२ वर्षांत सुमारे एक अंश सरकते. त्यामुळं टोकं कोणत्या काळातलं आकाश दाखवतात हे मोजता येतं. जुन्याच कोष्टकांवरून काम करणारे कारागीरही होते, म्हणून एवढ्यावरून साल ठोकून देऊ नये. पण शोभेसाठी बनवलेल्या मालात टोकं कुठंही असतात आणि तिथं चोरी पकडली जाते.

नक्षी दिसली की ते यंत्र जमिनीवरचं, असा सोपा नियम मात्र करू नका. वास्को द गामाच्या ताफ्यातलं 'इस्मेराल्दा' हे जहाज १५०३ मध्ये ओमानच्या किनाऱ्याजवळ बुडालं. त्याच्या अवशेषांत २०१४ मध्ये १७.५ सेंटिमीटर व्यासाची, ३४४ ग्रॅम वजनाची एक भरीव चकती मिळाली. चाकाचा आकार नाही, मोकळ्या जागा नाहीत, वर पोर्तुगालचं राजचिन्ह कोरलेलं. ती अॅस्ट्रोलेबच आहे का, याचीच आधी खात्री नव्हती. लेझरनं तपासल्यावर कडेला झिजून गेलेल्या खुणा दिसल्या, एकेक पाच अंशांच्या अंतरावर. खलाशांच्या अॅस्ट्रोलेबपैकी सर्वांत जुना ज्ञात नमुना तो हाच.