चंदेरी मिग आणि कोंडलेला गोंद

१९६३ साली मिग-२१ भारतीय हवाई दलात आलं, तेव्हा त्याच्या अंगावर हिरवे-तपकिरी पट्टे नव्हते. उघडा धातू होता, ऊन पडलं की डोळे दिपवणारा. पुढे नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात ही विमानं बनू लागली. त्या चंदेरी मिगचं १:७२ मापाचं प्लॅस्टिकचं मॉडेल करायला घेतलं की पहिला प्रश्न हाच, की ही चमक आणायची कशी? चंदेरी रंगात अ‍ॅल्युमिनिअमचे बारीक कण असतात. ते आडवेतिडवे पडतात, प्रकाश विखुरतात आणि दिसतं ते करडं. खऱ्या धातूची झळाळी हवी तर खरा धातूच लावावा लागतो. तो स्वयंपाकघरात आहे : पोळ्या गुंडाळायची फॉइल.

तिची जाडी साधारण १० ते १८ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे तेवढे हजारावे भाग. १६ धरा आणि ७२ने गुणा, उत्तर येतं १.१५ मिलिमीटर. विमानाचा पत्रा याच घरातला असतो, म्हणजे फॉइल मापालाही खरी उतरते. गोंदाच्या थरालाही मात्र हाच हिशेब लागतो. मिलिमीटरचा दहावा हिस्सा गोंद म्हणजे खऱ्या विमानावर सात मिलिमीटरचा लगदा.

माझं पहिलं मॉडेल मी सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदाने फॉइल चिकटवून मढवलं. संध्याकाळी ते सुरेख दिसत होतं. तीन दिवसांनी पंखावर बोट टेकवलं तर फॉइल सरकली. खाली गोंद दुधासारखा ओलाच होता.

हा गोंद म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लॅस्टिकचे सूक्ष्म थेंब. पाणी गेलं तरच ते एकमेकांत मिसळून घट्ट होतात. लाकूड किंवा कागद ते पाणी पिऊन टाकतं. मॉडेलवर खाली पॉलिस्टायरीन, म्हणजे मॉडेलचं प्लॅस्टिक, आणि वर अ‍ॅल्युमिनिअम, दोघंही पाण्याला वाट देत नाहीत. औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाला मागून फॉइल लावतात ती याचसाठी, दमट हवा आत शिरू नये म्हणून. आपण तोच बंदोबस्त उलटा करून बसतो, ओल आत कोंडतो. तिला वाट उरते ती फक्त कडेची, केसापेक्षा बारीक फट.

तेव्हापासून कुठलाही गोंद हाती आला की मी आधी एवढंच विचारतो : याच्यातलं जे उडून जायचं आहे, ते कुठून जाणार?

मॉडेल जोडायचा नेहमीचा गोंद, ज्याला सिमेंट म्हणतात, तो इथेच बाद होतो. त्यातला द्रावक पॉलिस्टायरीन विरघळवून दोन भाग एकजीव करतो, पण फॉइलमध्ये विरघळण्यासारखं काही नाही. अडकलेला द्रावक प्लॅस्टिक मऊ करत राहतो आणि कोरलेल्या बारीक रेषा बुजतात. चपला चिकटवायच्या रबरी गोंदात बहुधा टोल्युइन नावाचा द्रावक असतो, तोही प्लॅस्टिक खातो. शिवाय त्याच्या तारा सुटतात आणि प्रत्येक तार फॉइलवर उमटते. क्षणात चिकटणाऱ्या सायनोअ‍ॅक्रिलेटला काही उडवावं लागत नाही. पृष्ठभागावरची किंचित ओल त्याला पुरते. पण फॉइल केसभर तिरकी बसली तर सरळ करायला वेळ मिळत नाही, आणि त्याची वाफ शेजारच्या चकचकीत भागावर पांढरी साय धरते. दोन नळ्यांचा इपॉक्सीही न सुकता, रासायनिक क्रियेने घट्ट होतो. ताकदीला तो उत्तम आहे, पण त्याचा पातळ, एकसारखा थर हाताने देणं फार अवघड.

काजूकतलीवरचा चांदीचा वर्ख आठवा. त्याला गोंद लागत नाही, कारण तो एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, जाडी दुप्पट झाली तर ताठपणा आठपट. वर्ख पृष्ठभागाच्या प्रत्येक खाचखळग्याला जाऊन टेकतो आणि रेणूंमधलं क्षीण आकर्षण त्याला धरून ठेवतं. आपली फॉइल त्याच्या कित्येक पट जाड आहे, ती स्वतःहून एवढी वाकणार नाही. मधला थर तिच्या वतीने वाकला पाहिजे : आधीच सुकलेला, तरीही दाबला की वाहणारा.

दाबाने चिकटणारे गोंद असेच असतात, साध्या चिकटपट्टीवरचाही. ३एम कंपनीतल्या कार्ल डालक्विस्ट यांनी त्याची एक कसोटी घालून दिली. पदार्थाचा कडकपणा काही लाख पास्कलच्या खाली असेल, तरच तो हलक्या दाबाने पृष्ठभागावर पसरून धरतो. त्याहून कडक असेल तर बोटाला चिकटतच नाही. फार मऊ असेल तर चिकटतो, पण ताण आला की हळूहळू सरकतो.

फॉइलसाठी खास मिळणारा गोंद याच जातीचा, पाण्यातला आणि दुधाळ. तो मॉडेलला नाही, फॉइलच्या मागच्या बाजूला लावायचा. दुधाळपणा थेंबांनी विखुरलेल्या प्रकाशाचा असतो. पाणी उडालं, थेंब एकमेकांत मिसळले की थर पारदर्शक होतो. डोळ्यांना दिसणारी इतकी स्पष्ट खूण दुसऱ्या गोंदात क्वचित मिळते. दूध दिसतंय तोवर फॉइल मॉडेलकडे न्यायचीच नाही. आषाढात हवा पाण्याने भरलेली असते, तेव्हा दुप्पट वेळ लागला तरी थांबावं.

सोन्याचा पत्रा चढवणारे कारागीर हे कित्येक शतकं करत आले आहेत. जवसाच्या तेलाचा लेप द्यायचा, हवेतला ऑक्सिजन शोषून तो घट्ट होऊ लागला आणि बोटाला नुसता चिकट लागला की सोनं ठेवायचं. काही मॉडेलकार आजही वॉर्निश याच टप्प्यावर पकडतात.

गोंदाआधी फॉइल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. लाटणीच्या तेलाचा अंश आणि बोटांचा तेलकटपणा त्याने निघतो. मळकट बाजू गोंदाला, चकचकीत बाहेर. शेवटच्या लाटणीत दोन थर एकावर एक ठेवून लाटतात. रुळाला लागते ती बाजू चकाकते, एकमेकांना लागतात त्या मळकट राहतात. लाटणीच्या पुसट रेषांची दिशा तुकड्यागणिक बदलली तर प्रत्येक पत्रा वेगळा चमकतो, अगदी खऱ्या विमानासारखा.

तुकडे लहानच कापावेत. सपाट कागद सुरकुती न पडता गोलाकारावर बसत नाही, हे गाउसने १८२७ मध्ये सिद्ध केलं. मिगच्या नाकाची गोलसर कड मढवायला घेतली की ते दोन मिनिटांत पटतं. मधून कडेकडे कापसाच्या बोळ्याने घासत जावं, मग दातकोरणीने फॉइल रेषांमध्ये बसवावी. दुसऱ्या दिवशी एखाद्या खोबणीवर ती तंबूसारखी उचललेली दिसेल. ताणलेला धातू सरळ व्हायला बघतो आणि मऊ गोंद त्याला थोडं सरकू देतो. तिथे नव्या ब्लेडने खोबणीतूनच चीर द्यावी. ताण सुटतो, दोन्ही कडा खाली बसतात, आणि ती चीर पत्र्याच्या जोडासारखी दिसते.