छऱ्याची बंदूक, स्कोप आणि एक्केचाळीस क्लिक

बंदुकीवरच्या स्कोपचा, म्हणजे दुर्बिणीचा, नेम जुळवायचा नॉब चार क्लिक फिरवला, छर्रा होता तिथेच. अजून चार दिले तरी तिथेच, काळ्या ठिपक्याच्या बरोब्बर तीन सेंटीमीटर खाली. मग वैतागून नॉब गरागरा फिरवला तर पुढचा छर्रा कागदाच्या बाहेर मातीत. मामा बांधावर शेंगा फोडत बसला होता, तो म्हणाला, "आरं ती दुर्बीण काढून ठेव की, मघाशी तिच्याबिगर बरं लागत हुतं." आणि त्याचं खरं होतं, बंदुकीवरच्या साध्या माशीने (नळीवरची नेम धरायची खूण) मी सकाळी डबे पाडत होतो आणि स्कोप लावल्यावर भिंतीएवढा कागदसुद्धा चुकवायला लागलो.

बंदूक म्हणजे आपली छऱ्याची बंदूक, स्प्रिंगवाली, नळी मोडून एकेक छर्रा भरायची. ४.५ मिमी म्हणजे पॉइंट १७७ बोअर आणि २० जूलच्या आत ताकद असली की आपल्याकडे लायसन लागत नाही, त्यामुळे बहुतेकांची पहिली रायफल हीच असते. (पक्षी-बिक्षी मारायचे नाहीत, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली सरळ केस होते. कागद आणि रिकामे डबे भरपूर आहेत जगात.) आणि छऱ्याची आहे म्हणून हलक्यात घ्यायची नाही, दगडावर आदळलेला छर्रा परत येतो, म्हणून मागे मातीचा जाड बांध आणि डोळ्यावर चष्मा पाहिजेच.

आता मूळ गोंधळ काय होतो ते बघू. आपल्याला वाटतं स्कोप लावला की बघू तिथे लागणार. पण स्कोप बसतो नळीच्या वर साधारण चार सेंटीमीटर, आणि नजर जाते सरळ रेषेत. छर्रा मात्र नळीतून सुटल्या क्षणापासून खाली पडायला लागतो, अगदी हातातून सोडलेल्या आंब्यासारखा, त्याच वेगाने. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटरने सुटला तर १० मीटरवर तो सव्वा सेंटीमीटर पडलेला असतो आणि २५ मीटरवर जवळपास नऊ सेंटीमीटर. म्हणजे अंतर अडीच पट आणि पडझड सातपट, कारण पडणं वेळेच्या वर्गाने वाढतं आणि त्यात हवेमुळे छऱ्याचा वेग पण कमी होत जातो.

मग झिरो करायचं म्हणजे काय, तर नळीचं तोंड नजरेच्या रेषेपेक्षा किंचित वर ठेवायचं. किंचित म्हणजे एका अंशाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी. छर्रा नजरेच्या खालून निघतो, वर चढत जाऊन रेषा ओलांडतो, थोडा वरून जातो आणि मग खाली येताना ती परत ओलांडतो. वरच्याच आकड्यांनी हिशोब केला आणि २५ मीटरला झिरो धरला तर पहिली ओलांडणी १० ते ११ मीटरच्या मध्ये कुठेतरी येते! मधे २० मीटरला छर्रा आठेक मिलिमीटर वर असतो, ३० ला पावणेदोन सेंटीमीटर खाली. आणि गंमत म्हणजे ५ मीटरवर पण खालीच, दीड-पावणेदोन सेंटीमीटर. पोरं अगदी जवळून डबा चुकवतात आणि स्कोपला शिव्या देतात ते यामुळे, जवळ म्हणजे सोपं असं इथे नसतं. झिरो म्हणजे दोन रेषा एका ठरलेल्या अंतरावर भेटवणं, बाकी सगळीकडे त्या एकमेकींपासून थोड्या लांबच असतात.

क्लिकचं गणित मला आधी कोणी सांगितलं असतं तर मामासमोर अब्रू वाचली असती. नॉबवर लिहिलेलं असतं पाव एमओए. एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग, १०० मीटरवर तो २.९ सेंटीमीटर होतो. म्हणजे एक क्लिक १०० मीटरवर सव्वासात मिलिमीटर सरकवतो. हे ठीक, पण मी उभा होतो १० मीटरवर. कोन तोच राहतो, अंतर दहा पटीने कमी, म्हणजे एका क्लिकला ०.७३ मिलिमीटर, जाड पुठ्ठ्याएवढं. मला ३ सेंटीमीटर वर जायचं होतं, म्हणजे एक्केचाळीस क्लिक! मी चार दिले, ते तीन मिलिमीटरसुद्धा नाहीत, छऱ्याचं भोकच साडेचारचं. मोजून एक्केचाळीस दिले आणि पुढचे छर्रे ठिपक्याच्या आजूबाजूला यायला लागले. नॉबवरचा "अप" चा बाण म्हणजे छर्रा वर जाणार, फुली (स्कोपमध्ये दिसणारी नेम धरायची आडवी-उभी रेघ) नाही, इथेही लोक उलटे फिरवतात. स्कोपच्या आत एक छोटी नळी असते, तिला वरून नि बाजूने स्क्रू दाबतात आणि पलीकडून स्प्रिंग रेटते, म्हणून स्वस्तातल्या स्कोपमध्ये ती कधी कधी अडकून बसते आणि पुढच्या धक्क्याला अचानक जागेवर येते. नॉब फिरवून झाल्यावर बोटाने टकटक करायची आणि एक छर्रा असाच वाया घालवायचा, तो मोजायचा नाही.

पण एवढं करूनही संध्याकाळपर्यंत सगळं परत ढळलं. दुपारी ठिपक्यावर लागत होतं, चारला वर लागायला लागलं, पाचला अजून वर. स्कोपच खराब निघाला म्हणून मी पॅक करून परत करायच्या तयारीत होतो. मग स्कोपला बंदुकीवर धरून ठेवणाऱ्या रिंगांकडे बघितलं तर स्कोपच्या काळ्या रंगावर पुढच्या रिंगेलगत चकचकीत ओरखडा, चांगला दोन मिलिमीटरचा. स्कोप हळूहळू मागे सरकत होता.

याचं कारण स्प्रिंगवाल्या बंदुकीच्या पोटात आहे आणि मला ते फार आवडतं. घोडा ओढला की आतला जड पिस्टन जोरात पुढे धावतो, म्हणून बंदूक मागे ढकलली जाते, इथपर्यंत सगळ्या बंदुकांसारखंच. पण पिस्टन टोकाला पोचताना समोर दाबलेल्या हवेची गादी त्याला करकचून थांबवते आणि बंदूक झटक्यात पुढे येते. एका छऱ्याला दोन धक्के, आधी मागे मग पुढे, तेही डोळ्याची पापणी लवायच्या आत. बंदूक पुढे हिसडली की स्कोप जडत्वाने जागच्या जागी राहू बघतो, एसटीने अचानक पिकअप घेतला की उभे असलेले सगळे मागे जातात ना, तसा. दर छऱ्याला केसभर, शंभर छऱ्यांत दोन मिलिमीटर. मोठ्या रायफलींसाठी बनवलेले कित्येक चांगले महागडे स्कोप पण या उलट्या धक्क्याने आतून खिळखिळे होतात, कारण त्यांना फक्त मागच्या धक्क्याची सवय असते. म्हणून स्कोप घेताना एअरगनवर चालेल असं स्पष्ट लिहिलंय का ते बघायचं.

उपाय साधा आहे. बंदुकीच्या पाठीवर ११ मिमीची खाच असते तिला डोव्हटेल म्हणतात, आणि बहुतेक बंदुकांना तिच्यामागे एक छोटं भोक असतं, ते मी नुसती डिझाइन समजत होतो. त्या भोकात माउंटची (रिंगांचा बंदुकीला पकडणारा तळ) पिन जाते आणि माउंटला मागे सरकू देत नाही. माझ्या माउंटला पिन होती, मी ती वर फिरवून ठेवली होती कारण "काहीतरी खाली अडतंय". वर रिंगेचे स्क्रू पण गाडीच्या चाकाच्या नटासारखे आलटून पालटून आवळायचे, दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे, आणि ताकद लावायची नाही, दोन न्यूटनमीटरच्या आसपास पुरतं, चिमटीत छोटी ॲलन की धरून आवळली जाते तेवढंच. जास्त आवळलं तर स्कोपची ॲल्युमिनियमची नळी दबते आणि आतली ती छोटी नळी कायमची आखडते.

पूर्ण आवळण्याआधी दोन गोष्टी. पहिली, डोळ्याचं अंतर. डोळा आणि मागची काच यात साधारण ८ ते १० सेंटीमीटर लागतात, कमी-जास्त झालं की कडेने काळी सावली येते. हे सगळ्यात मोठ्या झूमवर जुळवायचं कारण तिथे डोळ्याला येणारा प्रकाशाचा झोत बारीक होतो, ४० मिमीची काच आणि ४ पट झूम असेल तर झोत १० मिमीचा, ९ पट केलं तर साडेचारच मिमी. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायची, गाल टेकवायचा, मग डोळे उघडायचे. मान लांबवून बघावं लागलं तर स्कोप सरकवायचा, मान नाही.

दुसरी गोष्ट फुली सरळ असणं. मी मामाकडून गवंड्याचा ओळंबा घेतला, २० मीटरवर आंब्याच्या फांदीला टांगला आणि बंदूक पोत्यावर सरळ ठेवून फुलीची उभी रेघ त्या दोरीवर जुळवली. कोणतंही ॲप याच्या तोडीचं नाही. बंदूक पाच अंश कलली तर १० मीटरला एक मिलिमीटरचा फरक पडतो, कळत पण नाही, पण २५ ला तो आठ मिलिमीटर होतो आणि तुम्ही वाऱ्याला दोष देता.

आणि पॅरॅलॅक्स. बाईकवर मागे बसलेल्याला स्पीडोमीटरचा काटा वेगळ्याच आकड्यावर दिसतो, तोच प्रकार. साध्या स्कोपमध्ये फुली आणि चित्र १०० यार्डावर एका पातळीत येतात, त्यापेक्षा जवळ बघितलं की डोळा इकडे तिकडे हलवला तर फुली ठिपक्यावरून सरकताना दिसते. ४० मिमीची काच असेल तर १० मीटरवर ही चूक जास्तीत जास्त १८ मिलिमीटरपर्यंत जाऊ शकते, बंदूक जागची न हलता! म्हणून पुढची काच फिरवून जवळचं अंतर जुळवता येणारा स्कोप घ्यावा, नसेल तर गाल दर वेळी त्याच जागी टेकवावा. आपला कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे, ज्याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटरला ब्राँझ आणलं, त्याच्या रायफलीवर स्कोप नसतोच, त्या स्पर्धेत चालत नाही. बारीक भोकातून बघतात ती मंडळी, आणि १० मीटरच्या एअर रायफलमध्ये तर दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा. त्यांचा गाल कुठे टेकतो हे मिलिमीटरने ठरलेलं असतं, आपण निदान सेंटीमीटरने ठरवूया.

शेवटची चूक डोक्यातली होती, बंदुकीची नाही. मी प्रत्येक छऱ्यानंतर नॉब फिरवत होतो. उजवीकडे गेला, डावीकडे फिरव, खाली गेला, वर फिरव. डेमिंग नावाच्या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाचा नरसाळं आणि गोट्यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. नरसाळ्यातून गोटी खाली ठिपक्यावर सोडायची आणि जेवढी चुकली तेवढं नरसाळं दर वेळी उलट सरकवायचं, तर गोट्यांचा पसारा कमी होण्याऐवजी वाढतो, साधारण एक्केचाळीस टक्क्यांनी (बघा, परत एक्केचाळीस). कारण प्रत्येक गोटी थोडी इकडे तिकडे जाणारच असते, आपण त्या नैसर्गिक थरथरीलाच चूक समजून दुरुस्त करत बसतो. म्हणून पाच छर्रे मारायचे, नॉबला हात न लावता, मग पाच भोकांचा मध्य काढायचा आणि तो मध्य सरकवायचा. पाच भोकं ताटाएवढी पसरली असतील तर झिरो करायची वेळच आलेली नाही, आधी स्क्रू बघा, छर्रे बदलून बघा. आणि स्प्रिंगवाली बंदूक करकचून धरायची नाही, तळहातावर नुसती ठेवायची, कारण छर्रा नळीत असतानाच तो धक्का सुरू होतो आणि तुम्ही कसं धरलंय त्यावर नळीचं तोंड कुठे वळेल ते ठरतं. नवी कोरी असेल तर पहिले शे-दोनशे छर्रे झिरोच्या भानगडीत पडूच नका, आतलं तेल जळून धूर निघतो आणि वेग वरखाली होत राहतो.

रविवारी परत सगळं केलं. पिन भोकात, ओळंबा झाडाला, रिंगेजवळ बहिणीच्या नेलपॉलिशची बारीक रेघ, म्हणजे स्कोप सरकला तर लगेच कळेल. आधी सहा मीटरवर मोठा कागद, मग दहा, मग पंचवीस. पाच छर्रे, सात क्लिक वर, तीन डावीकडे, परत पाच छर्रे. कागद मामाकडे नेला. त्याने माझ्याकडून दहाचं नाणं मागून घेतलं, भोकांवर ठेवलं, पाचही झाकली गेली. नाणं स्वतःच्या खिशात टाकलं, बंदूक खांद्याला लावली, मान पुढे काढून मागे घेऊन दोन-तीनदा बघितलं आणि म्हणाला, "नुसतं काळं दिसतंय की रं. माझ्या डोळ्याला लावून दे."

म्हणजे रिंगा परत सैल, स्कोप दोन सेंटीमीटर मागे, आणि ओळंबा परत झाडाला.