पॉइंट टू-टूची रायफल: नळी जुनीच, बदलत गेला तो दस्ता

१ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन नेमबाजीत ४५१.४ गुणांवर कांस्यपदक मिळवलं. कोल्हापुरात पोराला नेमबाजीला घालणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न असतो तो रायफलीचा. अँशुट्झ घ्यावी, वाल्थर की फाइनवेर्कबाऊ? मला वाटतं, प्रश्नाची सुरुवातच चुकते.

या खेळाचं .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ सालचं, अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीचं. आजही तेच चालतं. गोळी ५.६ मिलिमीटरची, आणि ५० मीटरवरचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढं. चांगल्या कंपनीची नळी हे काम करतेच. गेल्या काही दशकांत खरी उलथापालथ झाली ती नळीभोवतीच्या सांगाड्यात.

त्याला कारण खेळाचं स्वरूप. ५० मीटर थ्री पोझिशन १९५२ साली हेलसिंकीत ऑलिम्पिकमध्ये आली. गुडघ्यावर बसून, पालथं पडून, मग उभं राहून, तिन्ही वेळा रायफल एकच. पण बसल्यावर मान एका जागी, पालथं पडल्यावर दुसऱ्याच जागी. अखंड लाकडी दस्त्याशी माणसाला जुळवून घ्यावं लागायचं. म्हणून गालाखालची पट्टी वर-खाली होऊ लागली. खांद्याला टेकणारी बट प्लेट सरकू, फिरू, तिरकी होऊ लागली. पुढे ॲल्युमिनियमचे दस्ते आले, त्यांत जवळपास सगळंच स्क्रूवर. लाकूड ओल धरतं, फुगतं, नळी बसवलेल्या जागेवरचा दाब बदलतो आणि गोळ्यांचा झुबका सरकतो. आषाढातलं कोल्हापूर ज्याने अनुभवलंय त्याला हे वेगळं सांगायला नको.

सुटे भाग घ्यायचेच तर मी आधी बट प्लेटवर खर्च करेन. ती खांद्यात दर वेळी तंतोतंत त्याच जागी बसली तर डोळा, मागची साईट आणि पुढचं कडं आपसूक एका रेषेत येतात. तेवढं जमेपर्यंत आयरिस (मागच्या साईटचं छिद्र लहान-मोठं करणारी चकती), रंगीत फिल्टर, नळीपुढे लावायची पोकळ ट्यूब यांची घाई नको. वजनाचंही भान हवं. मर्यादा ८ किलोची आहे, महिलांसाठी ती पूर्वी ६.५ किलो होती. त्या काळात, २०१० साली म्युनिकला, आपल्या तेजस्विनी सावंतने प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून, ६०० पैकी ५९७ गुण मारून जगज्जेतेपद आणलं. नेमबाजीत हा मान मिळवणारी ती पहिली भारतीय महिला.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लेथवर वजनाचा तुकडा किंवा स्पेसर सहज निघेल. नळी आणि यंत्रणेला मात्र परवानाधारक कारागिराशिवाय कुणी हात लावू नये. १९५९ च्या शस्त्र कायद्यात परवान्याशिवाय दुरुस्ती हा गुन्हा आहे.

काडतुसांचं तर वेगळंच. एकाच कंपनीचे दोन लॉट एकाच नळीतून वेगळे झुबके देतात, म्हणून मोठे नेमबाज रायफल शिकंजात धरून लॉट तपासतात आणि जुळला की त्याच लॉटची पेटी उचलतात. एका ज्युनिअर मुलीच्या वहीत मी असंच एक पान पाहिलं. वर लॉट नंबर, खाली तीन रकाने: गुडघा, प्रोन, उभं. प्रत्येकात बट प्लेटचे मिलिमीटर आणि साईटचे क्लिक. पानाला स्क्रू फिरवायच्या ॲलन कीचं तेल लागलेलं.