अंड्याची अकरा मिनिटं

मे महिना आला की एक बातमी ठरलेली असते: टिटवीने उंचावर अंडी घातली, यंदा पाऊस दमदार. अंडी चार दिसली तर पाऊस चार महिने. आता टिटवी बहुतेक वेळा चारच अंडी घालते, तेव्हा या हिशोबाने महाराष्ट्रात दुष्काळ पडायलाच नको होता. 1972 सालीही टिटव्यांनी चार-चारच घातली असणार.

भाकितापेक्षा मला त्या बातमीतल्या फोटोची जास्त चिंता वाटते. तो काढायला कुणीतरी भर उन्हात अंड्यांशेजारी उभं राहिलेलं असतं, आणि तेवढा वेळ टिटवी उठून डोक्यावर ओरडत फिरत असते.

वाळूत अंडी घालणारे पक्षी म्हटले की समुद्रकिनारा आठवतो. नाशिकला समुद्र नाही, पण असे पक्षी आहेत. उन्हाळ्यात गोदावरीचं पात्र आटतं, गंगापूर धरणाचं बॅकवॉटर मागे सरकतं, आणि उघड्या पडलेल्या वाळूवर, खडीवर, गाळपेरीच्या कडेला टिटवी आणि छोटा आर्ली यांच्यासारखे पक्षी घरटी करतात. घरटी म्हणजे काय, तर नुसता उथळ खळगा. काळ्या टोपीचा, पिवळ्या चोचीचा नदी सुरयही याच तऱ्हेचा. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत तो आता 'असुरक्षित' गटात आहे.

अंडी उबवणं म्हणजे ऊब देणं, असं आपण शाळेत शिकलो. मे महिन्यातल्या वाळूवर काम नेमकं उलटं असतं. अंड्यातल्या जिवाला साधारण 36 ते 38 अंश सेल्सिअस तापमान मानवतं. ते 25 अंशांच्या आसपास उतरलं तर वाढ थांबते, पण जीव बराच वेळ तग धरतो. 42-43 अंशांच्या वर मात्र थोड्याच वेळात कारभार आटोपतो.

एक कच्चा हिशोब करू. टिटवीचं अंडं सुमारे 42 मिलिमीटर लांब, 30 मिलिमीटर रुंद, वजन 20 ग्रॅमच्या आसपास. त्याची सावली साधारण 10 चौरस सेंटिमीटर. माध्यान्हीचं ऊन चौरस मीटरला 1000 वॅट, म्हणजे अंड्यावर पडतो जेमतेम 1 वॅट. त्यातला निम्मा शोषला जातो असं धरू. अंड्याची विशिष्ट उष्माधारकता ग्रॅममागे सुमारे 3.3 ज्यूल धरली, तर एक अंश तापायला 66 ज्यूल लागतात. अर्ध्या वॅटने ते दोन मिनिटं बारा सेकंदांत मिळतात. 38 वरून 43 वर जायला अकरा मिनिटं! वारा थोडी उष्णता नेतो, खालची तापलेली वाळू थोडी देते. दोन्ही मी सोडून दिलंय. त्यामुळे आकडा मागेपुढे होईल, पण तासावर जाणार नाही.

निम्माच का शोषला जातो, इथे खरी गंमत आहे. अंडं लपायला हवं तर ते मातकट, ठिपकेदार हवं. पण गडद रंग जास्त तापतो. यातून सुटका करतात कवचातली रंगद्रव्यं: तपकिरी प्रोटोपॉर्फिरिन आणि हिरवट बिलिव्हर्डिन. सूर्याच्या ऊर्जेतला जवळपास निम्मा वाटा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो. ही द्रव्यं दृश्य प्रकाश शोषतात आणि जवळचे अवरक्त किरण जवळजवळ सगळे परतवून लावतात. कोल्ह्याच्या डोळ्यांना अंडं मातीचं, उन्हाच्या लेखी जवळपास पांढरं.

एवढ्याने भागत नाही, म्हणून पक्षी सावली धरून उभा राहतो. त्यानेही भागेना तर पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवतो आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसतो. तत्त्व माठाचंच. एक ग्रॅम पाणी उडून जाताना सुमारे 2400 ज्यूल उष्णता घेऊन जातं. चार अंड्यांना उन्हातून मिळतात सेकंदाला 2 ज्यूल. म्हणजे ग्रॅमभर पाणी वीस मिनिटांचं ऊन फेडतं. प्रत्यक्षात यातली बरीच उधळपट्टी होते, म्हणून खेपा पुन्हा पुन्हा. नर-मादी पाळी बदलतात.

आता या व्यवस्थेत प्री-वेडिंग शूटवाले, ड्रोन, मोकाट कुत्री आणून सोडा.

म्हणून घरट्यांच्या राखणीला माणसं लागतात. चंबळ नदीतल्या वाळूबेटांवर पाणचिरा या पक्ष्यासाठी गावातलीच माणसं राखणदार होतात. ऑस्ट्रेलियात स्वयंसेवक किनाऱ्यावर दोर बांधतात, पाट्या लावतात, पिल्लांना सावलीसाठी लाकडाचे छोटे तंबू ठेवतात. काम कंटाळवाणं आहे: लांब बसायचं, दुर्बिणीतून बघायचं, येणाऱ्याला गोडीत वळसा घालायला लावायचं. घरट्यापाशी स्वतः जायचं नाही, दुपारी तर नाहीच, आणि जागेचा पत्ता व्हॉट्सॲपवर टाकायचा नाही. आपल्याकडची अडचण मोसमाची आहे. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात हिवाळ्यात कॅमेऱ्यांची रांग लागते. गरज असते मे महिन्यात, तेव्हा तिथल्या चापडगावच्या बाजूला चिटपाखरू नसतं. पाखरांखेरीज.

तिथे कुत्र्यांइतकाच धोका पाण्याचा. नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा वरच्या धरणांतून सुटणारं पाणी अडवून कालव्यांना देतो. ऐन उन्हाळ्यात आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, सुटलं की पातळी चढते आणि पाण्यालगतचे खळगे बुडू शकतात. दोन जणांनी लांबूनच घरटी पाण्यापासून किती वर आहेत त्याचा अंदाज नोंदवला आणि आवर्तनाआधी तो पाटबंधारे खात्याच्या शाखा अभियंत्याकडे पोचवला, तर निदान पाणी हळूहळू चढवता येईल का, हे विचारता तरी येईल.